प्रोग्रामिंगची सुरुवात केळीच्या हिशेबपट्टीपासून

प्रोग्रामिंग शिकायचे ठरवले की कोणती भाषा, कोणते सॉफ्टवेअर, कोणता लॅपटॉप याच चौकशीत बहुतेकांचे पहिले काही आठवडे निघून जातात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मुलांना मी आधी घरातला एक हिशेब निवडायला सांगतो. रावेर-यावलच्या पट्ट्यात घर असेल तर केळीची पट्टी घ्यावी: किती क्विंटल माल गेला, क्विंटलमागे भाव काय लागला, तोलाई आणि मजुरी किती वजा झाली, हाती काय उरले. अमळनेर-पारोळ्याकडे कापसाचा हिशेब घ्यावा. ज्याचे उत्तर आपल्याला कागदावर काढता येते असाच हिशेब घ्यावा, म्हणजे प्रोग्राम चुकला तर ते आपल्याला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

पहिली भाषा म्हणून मी पायथॉन सुचवतो. गिदो वान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही भाषा मोफत आहे आणि केळीचा हा सगळा हिशेब तिच्यात सात-आठ ओळींत मावतो. महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात सी ही भाषा असेल तर तीही मनापासून शिकावी, कारण संगणकाची मेमरी कशी वापरली जाते हे तिच्याइतके स्पष्ट फार थोड्या भाषा दाखवतात. मात्र त्यासाठी जीसीसी हा कंपायलर, म्हणजे आपला कोड संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम, वापरावा. टर्बो सी प्लस प्लस हा जुना कंपायलर टाळावा. ते डॉस या जुन्या प्रणालीच्या काळातले, सीपासून निघालेल्या सी प्लस प्लस भाषेचे १९९८ चे पहिले मानक येण्यापूर्वीचे साधन आहे. त्यात बिनतक्रार चालणारा कोड आजच्या कंपायलरवर अनेकदा अडतो, आणि जडलेल्या सवयी मोडायला पुन्हा वेळ द्यावा लागतो.

कोड लिहिण्यासाठी पहिले दोन महिने थॉनी हा एडिटर पुरेसा आहे. एस्टोनियातील तार्तू विद्यापीठात तो खास नवशिक्यांसाठी तयार झाला, त्याच्याबरोबर पायथॉन आपोआप येते आणि ४ जीबी रॅमच्या संगणकावरही तो सहज चालतो. घरात विंडोज ७ असलेला जुना संगणक असेल तर पायथॉनची ३.८ ही आवृत्ती घ्यावी, कारण ३.९ पासूनच्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत. तिच्यासोबत येणाऱ्या आयडल या एडिटरमध्ये शिकण्याचे सर्व काम होते. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड उत्तम आहे, मोफत आहे, पण त्याकडे प्रोग्रामच्या फाइली वाढू लागल्यावर वळावे. तेव्हा पायथॉन वेगळे बसवावे लागते, आणि विंडोजवर ते बसवताना पहिल्याच पडद्यावरील ‘पाथ’ची चौकट टिचकवण्यास विसरू नये, ती राहिली की पायथॉन बसवलेले असूनही कमांड प्रॉम्प्टला, म्हणजे आज्ञा टंकून देण्याच्या विंडोजच्या खिडकीला, ते सापडत नाही.

आता पट्टीकडे वळू. भाव १५०० असा कोडमध्येच लिहावा, वजन ‘इनपुट’ या आज्ञेने वापरणाऱ्याला विचारावे आणि दोन्हींचा गुणाकार छापावा. वजन १२ दिले की १८,००० येतील अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात पडदा बारा-बारा-बारा अशा आकड्यांनी भरून जातो, कारण ‘इनपुट’ जे परत देते ते संख्या नसून मजकूर असतो, आणि मजकुराला १५०० ने गुणले की पायथॉन तो १५०० वेळा एकापुढे एक लिहिते. थॉनीच्या ‘व्ह्यू’ मेनूतून ‘व्हेरिएबल्स’ची, म्हणजे प्रोग्राममध्ये नाव देऊन साठवलेल्या किमतींची, खिडकी उघडावी. तिथे १२ भोवती अवतरणचिन्हे दिसतील, आणि चूक नेमकी कुठे आहे ते डोळ्यांनी पाहता येईल. उपाय म्हणजे तो मजकूर ‘फ्लोट’मध्ये घालणे, म्हणजे त्याची दशांश चालणारी संख्या होते. फक्त पूर्णांक घेणारे ‘इंट’ इथे चालणार नाही, कारण काट्यावर वजन १२.४ क्विंटलही भरते. विशेष म्हणजे वजन देवनागरी आकड्यांत टंकले तरी ‘फ्लोट’ ते बरोबर ओळखते. कोडमधल्या संख्या मात्र इंग्रजी आकड्यांतच लिहाव्या लागतात. व्हेरिएबलचे नाव मराठीत किंवा थेट अहिराणीतही ठेवता येते, आणि सुरुवातीला तसे जरूर ठेवावे.

एरर आली की लाल अक्षरांतील इंग्रजी पाहून अनेक जण खिडकीच बंद करतात. तसे न करता सर्वांत शेवटची ओळ आधी वाचावी, कारण चुकीचा प्रकार तिथे लिहिलेला असतो, आणि त्याच्या वरच्या ओळींत तो कोणत्या ओळीवर घडला ते असते. प्रत्येक नवी एरर वहीत उतरवून तिच्यापुढे आपल्या शब्दांत कारण लिहावे. अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या की इंग्रजीची भीती बरीच कमी होते, हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

गावाकडे वीज जाते, नेट तुटते, याची तयारी आधीच ठेवावी. पायथॉनची अधिकृत माहितीपुस्तिका उतरवून घेता येते. दर काही ओळींनंतर फाइल जतन करावी. पुढे गिट शिकावे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले हे साधन कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद आपल्याच संगणकावर, नेटशिवाय ठेवते.

एक पट्टी जमली की गेल्या हंगामातील सगळ्या पट्ट्या एका सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, भराव्यात, एका ओळीत एक पट्टी. प्रोग्रामने ती फाइल वाचून एकूण वजन, एकूण वजावट आणि हाती आलेली रक्कम काढावी, आणि त्या आकड्यांचा वडिलांच्या वहीतील बेरजेशी ताळा करावा.