मिंटमार्क सरकलेला किंवा दुहेरी दिसला, तर आधी हे तपासा

अमेरिकन नाणी जमवायला लागलात की मिंटमार्कची, म्हणजे नाणं कोणत्या टांकसाळीत पाडलं ते सांगणारी, अक्षरं लगेच पाठ होतात. डी म्हणजे डेन्व्हर, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, वगैरे. त्यात वेळ घालवत नाही. दमछाक होते ती अक्षराच्या जागेवरून.

काही बदल टांकसाळीने ठरवून केलेले असतात. १९१७ च्या वॉकिंग लिबर्टी अर्ध्या डॉलरवर मार्क आधी दर्शनी बाजूला होता, त्याच वर्षी तो मागच्या बाजूला गेला. त्यामुळे डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्कोची त्या सालची नाणी दोन-दोन प्रकारची मिळतात. १९४२ ते १९४५ च्या चांदीमिश्रित निकेलवर, म्हणजे पाच सेंटच्या नाण्यावर, मागच्या बाजूच्या मॉन्टिसेलो या इमारतीच्या घुमटाच्या वर मोठं अक्षर आलं. १९६५ ते १९६७ मध्ये मार्कच नव्हता, १९६८ पासून तो परतला. हे सरळ लक्षात ठेवायचं, यात वाद नाही.

गोंधळ दुसऱ्या बदलांचा आहे. १९९० च्या सुमारापर्यंत टांकसाळीत नेहमीच्या नाण्यांच्या प्रत्येक डायवर (ज्या साच्याने नाण्यावर ठसा उमटतो तो) मार्क वेगळ्या पंचाने, म्हणजे अक्षर कोरलेल्या ठोकणीने, हाताने ठोकला जायचा. हात आहे, तो थोडा डावीकडे जाणार, अक्षर कलणार, कधी खोल बसणार. १९८२ च्या काही डाइमवर (दहा सेंटच्या नाण्यांवर) तर फिलाडेल्फियाचा पी आलाच नाही. तेव्हा 'मार्क जरा खाली आहे' एवढ्यावरून कुणी जादा पैसे मागत असेल, तर देऊ नका. तसं नाणं दुर्मिळ ठरत नाही.

आता तो सापळा, ज्यात मी बराच काळ अडकून होतो: दुहेरी दिसणारा मार्क. पंच नीट बसला नाही म्हणून पुन्हा ठोकला, तर ती खरी आवृत्ती, म्हणजे संग्राहक वेगळा मानतात असा प्रकार. पण नाणं पाडताना डाय किंचित हलली, तरी अक्षर दुहेरीच दिसतं, आणि त्याला काडीची किंमत नाही. भिंगाखाली नाणं सावकाश फिरवा, उजेड एका बाजूने येऊ द्या. हललेल्या डायची सावली सपाट, बुटकी, पायरीसारखी असते आणि ती मूळ अक्षराचीच जाडी खाते, म्हणजे अक्षर बारीक झालेलं दिसतं. पुन्हा ठोकलेल्या मार्कमध्ये अक्षराची जाडी शाबूत राहते, बाजूला दुसऱ्या अक्षराचा गोलसर उंचवटा डोकावतो आणि टोकांशी खाच दिसते. मग शेजारचे सालाचे आकडे बघा. त्यांच्यावरही त्याच दिशेला तशीच पायरी असेल, तर डाय हलली होती. साल डायवर आधीच असायचं आणि मार्क नंतर वेगळा ठोकला जायचा, म्हणून पुन्हा ठोकलेल्या मार्कचा आकड्यांशी संबंध नसतो. आकडे बघितल्याशिवाय निर्णय देऊच नका. परत सांगतो, आकडे बघा. आणि हे फोटोवरून ठरवू नका, एका कोनातला उजेड पायरीला उंचवटा बनवून टाकतो.

सुरुवातीला सगळीच अक्षरं दुहेरी वाटतात, त्याने खचू नका. डोळा तयार व्हायला वेळ लागतो, आणि तो तयार होतोच. स्वस्तातली साधी झिजलेली नाणी शेजारी ठेवून बघत राहणं हा माझ्या मते सगळ्यात चांगला अभ्यास. अशा आवृत्त्यांना दिलेल्या क्रमांकांच्या याद्या पाठ करणारे मला पटत नाहीत. नाणं बघता क्षणी उत्तर देणारा गुरूही नको. 'तुला काय दिसतंय?' म्हणून नाणं परत हातात देणारा शोधा.

जागेचा खरा उपयोग अस्सलपणा पारखताना होतो. १९१६ चे डेन्व्हरचे मर्क्युरी डाइम जेमतेम २,६४,००० पाडले गेले, म्हणून फिलाडेल्फियाच्या बिनमार्कच्या नाण्यावर डी चिकटवण्याचे उद्योग होत आलेत. अस्सल डी मोजक्याच डायवरून आला असल्यामुळे त्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. तुमच्या नाण्यावरचा डी त्यांपैकी एकाही जागी बसत नसेल, तर विकणारा कितीही ओळखीचा असो, व्यवहार थांबवा. जागा जुळली तरी अक्षराच्या बुडाशी सांध्याची रेघ किंवा घासल्याच्या खुणा आहेत का ते बघा, आणि शंका उरली तर नाणं प्रमाणित करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.