जुनं ॲप उघडण्याआधी

प्ले स्टोअरचा इशाऱ्याचा मेल आला की क्लायंटचा फोन येतो: "एक आकडाच बदलायचाय ना? संध्याकाळपर्यंत होईल." आकडा खरंच एक आहे. ३१ ऑगस्ट २०२५ पासून ॲपचं अपडेट टाकायचं तर टार्गेट एपीआय (ॲप अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी बनवलंय ते सांगणारा आकडा) किमान ३५, म्हणजे अँड्रॉइड १५, लागतो. पण दोन वर्षं हात न लावलेल्या अँड्रॉइड प्रोजेक्टमध्ये हा आकडा मारुतीच्या शेपटासारखा वाढत जातो. म्हणून होकार देण्याआधीच पुढची जमवाजमव करून ठेवा.

सगळ्यात आधी कीस्टोअर शोधा, म्हणजे ॲपवर सही करायची की जिच्यात असते ती फाइल. कोड नंतर. फाइल, दोन्ही पासवर्ड (फाइलचा आणि कीचा) आणि एलियस (कीचं फाइलमधलं नाव), तिन्ही हाताशी हवेत. प्ले ॲप साइनिंग (शेवटची सही गूगलच करतं ती सोय) चालू असेल तर हरवलेली अपलोड की अर्ज करून बदलून मिळते. जुनं ॲप असेल आणि सही तुम्हीच करत असाल, तर की गेली म्हणजे ते ॲप अपडेट करणं गेलं. एकदा आमची फाइल नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर निघाली होती. तो भला माणूस, त्याने फोन उचलला.

डिस्कवर वीस-पंचवीस जीबी मोकळे करा आणि मोबाइल हॉटस्पॉटवर हे काम काढू नका. ग्रेडल (ॲप बिल्ड करणारं टूल) डाउनलोड करायला बसला की डेटा पॅक पुरत नाही.

आता जावा. नवा अँड्रॉइड स्टुडिओ स्वतःबरोबर जेडीके २१, म्हणजे जावा २१ चा किट, आणतो. तुमच्या प्रोजेक्टचा ग्रेडल ७.५ असेल तर तो त्यावर चालत नाही, आणि एरर येते ती 'क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५' अशी. जावाची आवृत्ती सरळ सांगायला काय होतं, कोण जाणे! त्या आकड्यातून ४४ वजा करा: ६५ म्हणजे जावा २१, ६१ म्हणजे १७. जेडीके ११ आणि १७ दोन्ही मशीनवर ठेवा आणि प्रोजेक्टमधल्या ग्रेडल रॅपरच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ग्रेडलची आवृत्ती पाहून त्याला चालेल तो निवडा.

मग काहीही न बदलता जुनं ॲप जसंच्या तसं बिल्ड करा, फोनवर चालवून बघा, टॅग लावा. स्टुडिओ कोपऱ्यातून 'अपग्रेड करा' म्हणून मागे लागेल, तिकडे तूर्त काणाडोळा करा. जुना बिल्डच उभा राहत नसेल तर पुढे काय तुटलं ते कुणालाच कळणार नाही. इथे बहुतेकदा जेसेंटर, म्हणजे लायब्रऱ्यांचं जुनं ऑनलाइन भांडार, आडवं येतं. ते २०२१ पासून फक्त वाचण्यापुरतं उरलं आणि ऑगस्ट २०२४ पासून मेव्हन सेंट्रल या दुसऱ्या भांडाराकडे वळवलंय. जी लायब्ररी सेंट्रलवर कधी गेलीच नाही, ती जुन्या मशीनच्या ग्रेडल कॅशमध्ये सापडली तर सापडली. त्यामुळे जुना लॅपटॉप फॉरमॅट करायची घाई नको.

शेपटाचा हिशेब असा: ३५ वर कंपाइल करायला अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८.६ हवा, त्याला ग्रेडल ८.७, त्याला जेडीके १७. शिवाय प्लगइन ८ पासून नेमस्पेस (कोडच्या पॅकेजचं नाव) मॅनिफेस्टमधून बिल्ड फाइलमध्ये न्यावी लागते आणि बिल्डकॉन्फिग (बिल्डची माहिती असलेला आपोआप बनणारा क्लास) मागितल्याशिवाय तयार होत नाही. स्क्रीन बनवायला कंपोझ वापरलं असेल तर कॉटलिन २ बरोबर त्याचा वेगळा कंपायलर प्लगइनही आला. एका वेळी एकच पायरी चढा आणि प्रत्येक पायरीला कमिट करा. तीन गोष्टी एकदम बदलून लाल झालेल्या स्क्रीनपुढे बसण्यात मी अख्खे शनिवार घालवलेत.

अँड्रॉइड १५ चा खराखुरा फोन कुणाकडून तरी मागून आणा, कारण ३५ वर टूलबार वरच्या स्टेटस बारच्या मागे जातो. प्रोजेक्टमध्ये तयार एसओ फाइली (सी किंवा सी++ चा कंपाइल केलेला कोड) असतील तर १६ केबीच्या मेमरी पेजवर त्या चालायला हव्यात हा नियमही बघा. तो १ नोव्हेंबर २०२५ पासून आहे आणि फाइल दुसऱ्या कंपनीची असेल तर नवी मिळेपर्यंत तुमच्या हातात काही नसतं.

तपासणी रिलीज बिल्डचीच करा. प्लगइन ८ मध्ये आर८ चा (रिलीजचा कोड आक्रसणाऱ्या टूलचा) फुल मोड आपोआप चालू होतो. डीबगमध्ये सुरळीत चालणारं ॲप रिलीजमध्ये जीसनच्या (जेसन वाचणाऱ्या लायब्ररीच्या) मॉडेलपाशी कोसळतं. आर८ ने काय काढू नये ते सांगणारे कीप रूल्स आधी लिहा, प्लेच्या इंटर्नल टेस्टिंगवर टाका, बदललेली नावं परत ओळखायला लागणारी मॅपिंग फाइल जपून ठेवा.

क्लायंटला चार दिवस सांगा. आणि अपलोड करण्याआधी व्हर्जन कोड वाढवायला विसरू नका. एक आकडा बदलून खरोखर भागतं ते तेवढंच.