नागपूरची गाडी बर्फात न्यायची तर

आपल्या गाडीला पंचेचाळीस डिग्रीची सवय. रील बघून गोठलेल्या तळ्यावरची मासेमारी आणि बर्फातली पायपीट यादीत टाकली असेल, आणि तिला घेऊन जानेवारीत काश्मीरला निघायचं असेल, तर हॉटेल बुक करण्याआधी बोनट उघडा. मी गॅरेजवाला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पहिलं काम रेडिएटरचं. उन्हाळ्यात कूलंट कमी झालं की आपल्याकडे सर्रास नळाचं पाणी ओततात. इथे खपून जातं. श्रीनगरला रात्री पारा शून्याखाली पाच-सहा अंश उतरतो, तेव्हा तेच पाणी गोठून फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक तडकतो. जुनं सगळं काढा, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. "वरून थोडं टाकून द्या ना भाऊ" म्हणणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. वायपरच्या टाकीतही न गोठणारं पाणी हवं.

बॅटरी आपल्या उन्हानं आधीच अर्धी म्हातारी झालेली असते, थंडीत तिचा दम आणखी कमी होतो. लोड टेस्ट, म्हणजे भार देऊन तपासणी करा, शंका आली तर बदला. डिझेल गाडी असेल तर इकडची भरलेली टाकी घेऊन वर पोचू नका. कडक थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर चोंदतो. जम्मूच्या पुढच्या उधमपूरनंतर तिकडच्याच पंपावर भरा. टायरमधली हवाही तिथे पोचल्यावर पुन्हा तपासा, थंडीत प्रेशर उतरतं.

रात्री बर्फात गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका, तो गोठून धरतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा, वायपर उचलून ठेवा.

रस्ता शोधायची कटकट नाही. आपल्या दारातला राष्ट्रीय महामार्ग 44 थेट श्रीनगरला जातो. सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, अंबाला, जम्मू. जवळपास 1,900 किलोमीटर. पहिला मुक्काम ग्वाल्हेर, दुसरा अंबाला, तिसरा जम्मू, असा हिशोब बरा. हरियाणा-पंजाबात या दिवसांत पहाटे दाट धुकं असतं, नऊच्या आत निघायची घाई करू नका. जम्मूच्या पुढे चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा आणि बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा आहे, पण मधल्या रामबनच्या पट्ट्यात दरड आली की सगळं अडकतं. वाहतूक पोलिसांची सूचना आदल्या संध्याकाळी पाहा आणि दोन दिवस जादा धरूनच सुट्टी टाका. प्रीपेड सिम जम्मूपासून बंद पडतं, घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड असू द्या.

आता गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायचं. रीलमधली ती तळी कॅनडा-फिनलंडची. माणसाला उभं राहायला निदान चार इंच जाड, स्वच्छ, एकसंध बर्फ लागतो. दल सरोवर गोठतं ते बहुधा काठाकाठानं, पातळ. प्रशासनच त्यावर चालू नका म्हणून सांगतं. ट्राउट मासा गळानं धरायची परवानगीही उन्हाळ्याच्या हंगामातली. म्हणून हा भाग यादीतून कापा, बाप्पा. त्याऐवजी श्रीनगरजवळच्या आंचार सरोवरावर सकाळी लवकर जा. तिथले कोळी हिवाळ्यात डोक्यावरून घोंगडं ओढून होडीच्या टोकाशी वाकतात, पाण्यावर सावली पाडतात आणि सावलीत दिसलेला मासा भाल्यानं टिपतात. भोकापेक्षा हे बघण्यासारखं आहे.

बर्फातली पायपीट गुलमर्गला करा. बर्फ पडल्यावर गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गपुढे टायरला चेन किंवा फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी लागते. माझं मत विचाराल तर आपली गाडी टंगमर्गला ठेवा, तिथली सुमो करा. चेन नेणारच असाल तर आपल्या बहुतेक गाड्यांना ती पुढच्या चाकांना लागते. घरच्या पार्किंगमध्ये हातमोजे घालून एकदा चढवून पाहा.

गमबूट टंगमर्गलाच भाड्यानं मिळतात. स्वेटर आपल्याकडच्या तिबेटी बाजारातून घ्या, पण अंगालगतचा थर सुती नको, घामानं ओला राहतो आणि चालायचं थांबलं की अंग कापतं. गुलमर्गच्या मैदानाभोवती, चर्च आणि राणीच्या मंदिराच्या बाजूनं फिरा. वरच्या अफरवत डोंगराच्या मोकळ्या उतारांवर हिमस्खलन होतं, तिकडे स्थानिक गाइडशिवाय पाऊल नको. दहाला निघा, तीनपर्यंत परत या. सावजीची तिखट चटणी सोबत असली तर हॉटेलातल्या डाळीला तेवढीच चव.