शिबिराच्या जागेतून जाणारी पायवाट : भटकंतीत या चुका टाळा

पन्हाळा कोल्हापूरहून अवघ्या २० किलोमीटरवर असल्यामुळे रविवारी पहाटे पाठपिशवी अडकवून मसाई पठाराची किंवा पुढे पावनखिंडीची वाट धरणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. डोंगरातल्या काही पायवाटा मुलांच्या निवासी शिबिरांच्या जागेतून जातात, आणि दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत तेथे हमखास खटके उडतात.

पहिली चूक म्हणजे न विचारता जाणे. ‘वाट जुनी आहे, परवानगी कशाला?’ असे म्हटले जाते; परंतु वाट कितीही जुनी असली, तरी त्या दिवशी तेथील मुलांची जबाबदारी कोणीतरी शिरावर घेतलेली असते. आदल्या दिवशी शिबिरप्रमुखांना फोन करून शिबिर चालू आहे का, वाट वळवली आहे का आणि धनुर्विद्येचा सराव कोणत्या बाजूला असतो, हे विचारावे. नेम चुकलेला बाण लक्ष्याच्या मागे बराच दूर जातो. म्हणून त्या बाजूला बांधलेली दोरी, पलीकडे कोणी दिसत नसले तरी, ओलांडू नये.

दुसरी चूक मैदानाच्या मधून जाण्याची, आणि ती आम्ही स्वतः केली आहे. दिवाळीच्या सुट्टीत, दाट धुके असताना, आम्ही सहा जण एका शिबिराच्या मैदानातून गेलो. पुढच्या चढावर पाणी प्यायला थांबलो तेव्हा सातवा हात बाटलीसाठी पुढे आला. दहाएक वर्षांचा मुलगा होता. शिबिराच्या टोप्या पिवळ्या होत्या आणि आमच्यातील दोघांच्याही पिवळ्याच, त्यामुळे तो आमच्यामागे चालत आला होता. त्याला घेऊन तसेच परतलो, तेव्हा ताई तिसऱ्यांदा हजेरी घेत होत्या आणि त्यांच्या हातातली वही थरथरत होती. तेव्हापासून आम्ही कडेनेच जातो आणि शिबिर ओलांडल्यावर माणसे मोजतो.

मुलांचे फोटो काढू नयेत, त्यांना खाऊ देऊ नये, आणि त्यांच्या टाकीतले पाणी विचारल्याशिवाय घेऊ नये. धुक्यात वाट चुकून तंबूंपाशी पोहोचलात, तर आत न शिरता बाहेरूनच मोठ्या माणसाला हाक मारावी. वाट मुलांना विचारू नये.

कड्यांवर आग्या मोहोळ असते. धुराने आणि उग्र अत्तराने माश्या बिथरतात. माश्या उठल्या, तर हात न झाडता तोंड झाकून दूर पळावे, मात्र शिबिराच्या दिशेने कधीही नाही, कारण पाठलाग करणाऱ्या माश्या आपल्यासोबत मुलांपर्यंत पोहोचतात. सुरक्षित अंतरावर पोहोचताच आदल्या दिवशी घेतलेल्या क्रमांकावर शिबिरप्रमुखांना कळवावे, म्हणजे मैदानातली मुले वेळेत आत नेता येतात.