आभाळ भरलं की कामाला लागा

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या दिवशी आभाळ भरून येतं. रात्री पांघरूण नकोसं होतं, पहाटेचा पारा १० वरून १६-१७ वर चढतो आणि ओट्यावर बसलेल्या बायका म्हणतात, "गेली वाटतं थंडी." आमच्या खानदेशात थंडीच्या तयारीची खरी वेळ तीच. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ पोचलेला असतो. भूमध्य समुद्राकडून निघालेली ही प्रणाली काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकते आणि आपल्या वाट्याला नुसते ढग, फार तर चार थेंब येतात. ती पूर्वेला सरकली की तिच्या पाठोपाठ उत्तरेचा कोरडा, गार वारा राजस्थान आणि माळव्यावरून सातपुडा ओलांडून तापीच्या खोऱ्यात उतरतो. एका रात्रीत आभाळ निरभ्र होतं आणि दोन-तीन दिवसांत पारा १० च्या खाली. तेव्हा बाजारात कानटोपी शोधत फिरण्यात अर्थ नसतो.

माझं माहेर शहाद्याकडचं, सासर यावल तालुक्यात. दोन्हीकडची थंडी मी पाहिली आहे आणि दोन्हीकडे चूक एकच होते. उन्हाळ्यासाठी आम्ही फेब्रुवारीपासून तयार असतो. माठ, वाळा, गच्चीवर चुना, सगळं वेळेवर. थंडी मात्र अंगावर आली की मगच आठवते.

म्हणून पहिलं काम अंदाज बघण्याचं. हवामान खात्याच्या हिशेबाने मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असेल आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल तर ती थंडीची लाट. घट त्याहून जास्त असेल तर तीव्र लाट. पारा ४ किंवा त्याखाली आला तर सरासरीशी तुलनाही करत नाहीत, ती लाटच. 'मेघदूत' ॲपवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी आपल्या जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो, तो वाचा. मात्र एक लक्षात ठेवा. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला जो आकडा पेपरात छापून येतो, तो जमिनीपासून चार-साडेचार फूट उंचावरच्या पेटीतला असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवताच्या पातीजवळ त्याहून कितीतरी जास्त गार असतं. सातपुड्यात तोरणमाळ, डाब, मोलगीकडे दव गोठून पांढरं होतं ते असंच. पेपरात ७ आहे म्हणजे आपल्या खोलगट शेतात ७ च असेल असं धरून चालू नका.

ढग असेपर्यंत उघड्यावरचा माल झाका. कापलेली तूर, खळ्यातला मका, वेचून ओसरीत टाकलेला कापूस. नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. ढगातून पाऊस नाही पडला तरी रात्रीच्या ओलाव्याने मिरची काळी पडते, तेव्हा ताडपत्र्या हाताशी हव्यात. त्याच ताडपत्र्या पुढे गोठ्याला वाऱ्याच्या बाजूने बांधायला लागतील, त्यामुळे सुतळीसकट एकाच जागी ठेवा.

आता केळीबद्दल, कारण आमचं घर केळीवर चालतं आणि सगळ्यात जास्त नुकसानही तिथेच होतं. तापमान १३-१४ च्या खाली गेलं की घडाला चरका बसतो. साल काळपट, निस्तेज होते, माल पिकला तरी पिवळा धमक रंग येत नाही आणि व्यापारी भाव पाडतो. निसवणीला (घड बाहेर पडायला) आलेल्या मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या केळीत, घड पोंग्यातच अडकतो. कांदेबागेची, म्हणजे पावसाळा सरताना लावलेल्या केळीची, रोपं तर या वेळी जेमतेम गुडघ्याएवढी असतात. तीन वर्षांपूर्वी ढगाळ, उबदार दोन दिवस आले म्हणून आम्ही कांदेबागेवरचं क्रॉप कव्हर काढून ठेवलं, रोपांना हवा लागू दे म्हणून. तिसऱ्या रात्री आभाळ निरभ्र झालं. सकाळी कोवळी पानं उकडल्यासारखी दिसत होती. नाना, म्हणजे माझे सासरे, बांधावर उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे ढग आले की कव्हर उलट घट्ट करायचं, कडेने माती लावायची.

लाटेच्या रात्री एकसारख्या नसतात, हे समजलं की बागेतली निम्मी धावपळ वाचते. पहिल्या एक-दोन रात्री वाहता वारा असतो. तेव्हा उपयोगी पडतं ते कुंपण: उत्तरेच्या आणि पूर्वेच्या बाजूला शेवरी किंवा गजराज गवत, आणि जिथे ते विरळ झालं असेल तिथे शेडनेट किंवा जुन्या साड्या. वाऱ्यात धूर करून उपयोग नाही, तो सरळ शेजारच्याच्या शेतात जातो. वारा पडला, आभाळ स्वच्छ राहिलं, की त्यापुढच्या रात्री खऱ्या कडाक्याच्या. दिवसभर तापलेली जमीन आपली ऊब उघड्या आभाळात सोडून देते, गार हवा जड होऊन खोलगट भागात साचते आणि पारा पहाटे, सूर्य उगवायच्या आसपास, सगळ्यात खाली जातो. तेव्हा पाणी द्या, पण संध्याकाळी उशिरा किंवा रात्री. विहिरीचं पाणी थंडीतही कोमट असतं आणि ओली जमीन ऊब जास्त धरून ठेवते. पहाटे तीन-चारच्या सुमारास बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करा. घडांना स्कर्टिंग बॅग चढवा. बुंध्याशी निंबोळी पेंड, झाडाला पाव किलोच्या आसपास, ढग असतानाच टाकून ठेवा. वाळकी पानं बाग साफ दिसावी म्हणून या आठवड्यात कापू नका. झाडाच्या अंगावरचं तेच पांघरूण आहे.

शेतीची वीज रात्रीची असेल तर एकट्याने जाऊ नका. बॅटरी, गमबूट, कानटोपी, आणि घरी सांगून जाणं, हे चार झाल्याशिवाय मोटर सुरू करायला निघायचं नाही. नानांचं वय सत्तरीपुढे आहे. लाटेच्या रात्री त्यांना बागेत जाऊ द्यायचं नाही असं घरात ठरलेलं आहे आणि त्यावरून दरवर्षी वाद होतो.

फळपीक विमा काढला असेल तर पावती शोधून ठेवा. केळीला थंडीचा निकष सलग दिवसांच्या किमान तापमानावर असतो आणि मोजमाप आपल्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावरचं धरतात, शेतातलं नाही. आपलं केंद्र कुठलं, यंदाच्या पत्रकात अंश किती आणि दिवस किती, हे आधी बघा. बागेचे तारखेसह फोटोही काढत जा.

गहू आणि दादर (रब्बी ज्वारी) यांची काळजी करू नका, थंडी त्यांना मानवते. हरभऱ्याची फुलं गळतात, त्याला हलकं पाणी पुरे. जनावरांना गोठ्यात कोरडा भुसा अंथरा, कोमट पाणी पाजा, रात्रीचा चारा थोडा वाढवा. रवंथ चालू असेल तर जनावर आतून गरम राहतं. शेळ्यांची पिल्लं मात्र घरात घ्या. नवापूरकडच्या कोंबडीवाल्यांना हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एवढंच सांगेन की पडदे पूर्ण बंद करून वरचा वारा कोंडू नका.

आता घरातलं. जुनं धाब्याचं घर दिवसाची ऊब भिंतीत साठवून ठेवतं; पत्र्याची खोली मात्र रात्री आठलाच गार पडते. पत्र्याखाली झोपणाऱ्यांनी खाट भिंतीपासून सरकवावी आणि खाली गोणपाट, वर गोधडी असं दुहेरी अंथरावं, कारण थंडी खालूनही चढते. गोधड्यांना ऊन ढग यायच्या आधीच दाखवलेलं बरं. बाजरी दळून आणा, तीळ, गूळ, डिंक, सुंठ भरून ठेवा. भरताची वांगी या दिवसांत स्वस्त असतात. काड्यांवर भाजलेलं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी रात्री पोटात गेली की झोप चांगली लागते.

आणि शेगडी. हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा घमेलं घेऊन झोपू नका. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. माझी मावशी आणि तिची सून अशाच झोपल्या होत्या. सुनेचं बाळ रडलं म्हणून ती उठली, डोकं गरगरत होतं, पाय उचलेना, तरी तिने कसंबसं दार लोटलं. बाळ रडलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. शेकायचं ते अंगणात, आणि झोपण्याआधी निखारा बाहेर ठेवून पाणी टाकून विझवायचा. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर झरोका उघडाच ठेवा, गारठा येतो म्हणून कागद चिकटवू नका.

रक्तदाबाच्या, दम्याच्या गोळ्या निदान पंधरा दिवसांच्या आणून ठेवा. म्हाताऱ्या माणसांनी उजाडायच्या आधी फिरायला किंवा गार पाण्याने आंघोळीला जाऊ नये. नंदुरबारच्या डोंगराळ भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि गारठ्याने त्यांना हाडा-सांध्यांच्या असह्य वेदना सुरू होतात. अशा घरात फॉलिक ॲसिड आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आधीच असाव्यात. थंडीत तहान लागत नाही, पण त्यांनी कोमट पाणी पीत राहायला हवं; अंगातलं पाणी कमी होणं त्यांना थंडीइतकंच वाईट. कोणी कुडकुडायचं थांबलं, बोलणं अडखळायला लागलं, गुंगीत गेलं, तर बरं नसेल असं समजून झोपू देऊ नका: ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, १०८ ला फोन करा. दारू पाजू नका. दारूने अंग गरम वाटतं, आतली ऊब मात्र उलट बाहेर जाते.

ऊसतोड मजुरांच्या कोप्या (झोपड्या) शेताच्या कडेला, पाचटाच्या, चारी बाजूंनी वारा येणाऱ्या. त्यात तान्ही लेकरं असतात. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेवाले तापीकाठी उघड्यावर झोपतात. घरातली जास्तीची गोधडी, बारदान, एखादी ताडपत्री लाटेच्या आधीच तिथे पोचती करा. पहाटे तापीच्या पुलांवर धुकं असतं. उसाच्या ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर नसेल तर आजच चिकटवा.

काल माहेरून फोन आला. माय म्हणाली, "भलतं हिव पडी ऱ्हायनं वं बेटा," म्हणजे फार थंडी पडतेय. आमच्याकडे यावलला मात्र आज पुन्हा आभाळ आलंय, म्हणजे मागून दुसरा विक्षोभ येतोय. या उबेच्या दोन रात्रींतही कांदेबागेवरचं कव्हर निघणार नाही, आणि गोधड्या महाशिवरात्रीपर्यंत माळ्यावर जाणार नाहीत.