लेझर, पील, पीआरपी : लग्नाच्या घाईत या चुका टाळा

माझ्या मामेबहिणीने लग्न तीन आठवड्यांवर आलं असताना दादरच्या एका पार्लरमध्ये केमिकल पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर सोलणं) करून घेतलं. हळदीच्या दिवशी गालांवर तपकिरी पट्टे होते. मेकअपखाली लपले, पण जायला सहा महिने लागले.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचा हा स्वभावच आहे. थोडं भाजलं, सोललं की ती काळा डाग सोडून बरी होते. म्हणून पहिली चूक घाईची. असे उपचार लग्नाच्या चार-सहा महिने आधी सुरू करा, शेवटच्या महिन्यात नवीन काहीही नको.

नको असलेले केस काढायच्या लेझरमध्ये तर जास्तच जपावं लागतं. लेझरचा प्रकाश केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य, धरतो आणि त्या उष्णतेने मूळ निकामी होतं. पण तेच मेलॅनिन त्वचेतही असतं. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित. कोणतं मशीन वापरणार, हे बेधडक विचारा. अलिबागला उन्हात रापून आल्या आल्या सेशन घेऊ नका. दोन सेशनच्या मध्ये वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग केलं तर मूळच उपटलं जातं आणि लेझरला धरायला काही उरत नाही. वस्तरा चालतो. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही. आणि हनुवटीवर राठ केस, शिवाय पाळी अनियमित असेल, तर आधी पीसीओडीची (अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाची) तपासणी करा. नाहीतर पैसे जातात, केस परत येतात.

मेडिकलमधून आणलेली ‘गोरं करणारी’ ट्यूब आधी उलटून वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यातलं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाली आणि पुरळ येतं. अशी ट्यूब लावत असाल तर पीलआधी डॉक्टरांना सांगाच. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

केसांचं वेगळं. पावसाळ्यात डेंग्यू झाला की दोन-तीन महिन्यांनी, ऐन दिवाळीत, कंगवा भरून केस येतात. हे गळणं बहुतेकदा आपोआप थांबतं. त्यासाठी लगेच पीआरपीचं (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग डोक्याच्या त्वचेत टोचण्याचं) पॅकेज घेऊ नका. पीआरपीचा उपयोग मुख्यतः आनुवंशिक टक्कल पडण्यात होतो. मिनॉक्सिडिल हे केसवाढीचं औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे केस जास्त गळतात. घाबरून तिथेच बंद करणं ही मला सगळ्यात वाईट चूक वाटते, कारण फरक दिसायला चार-सहा महिने द्यावेच लागतात.

सध्या एक्सोसोमची (पेशींतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांची) फार जाहिरात होते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्वचा-केसांसाठी एकाही एक्सोसोम उत्पादनाला मान्यता दिलेली नाही. गोरेपणाच्या ग्लुटाथिओन इंजेक्शनचंही तेच.

सुई किंवा लेझर हातात घेणाऱ्याची पदवी बघा : त्वचारोगातली एमडी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. खर्च झेपत नसेल तर केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे.

आणि भाजलंच, तर हळद-बेसन लावू नका. गार पाण्याची पट्टी ठेवा, खपली काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.