लढाईशिवायच्या स्किल कशा निवडायच्या अन् टेबलावर कशा वापरायच्या

आमच्याकडे डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्टीतलं एकेक पात्र, म्हणजे कॅरेक्टर, चालवायचा खेळ) खेळायला नवीन पोट्टं बसलं की पहिले तलवार, चिलखत, डॅमेज किती हेच पाहते, अन् स्किलच्या (कॅरेक्टरला काय काय जमते त्याच्या) यादीत कुठंतरी दोन-चार टिका मारून मोकळं. मग तीन तासाच्या खेळात लढाई चालते तासभर, उरलेल्या वेळात त्याच्या कॅरेक्टरला काही कामच नसते, ते बिचारं मोबाईल काढते. मला हे पाहून खरंच वाईट वाटते, म्हणून लिहून राहिलो.

पहिले ठरवा की तुमचं कॅरेक्टर घर सोडायच्या आधी पोटासाठी काय करत होतं. स्किल तिथूनच निघतात. मी 2014 ची पाचवी एडिशन धरून सांगतो, त्यात 18 स्किल आहेत, 2 बॅकग्राउंडमधून (आधीचं आयुष्य) भेटतात अन् क्लासमधून (कॅरेक्टरचा पेशा) बहुतेक 2, रोग म्हणजे चोरट्याचा क्लास, त्याला 4. मी नवीन पोट्ट्यांना फोक हिरो (गावचा वीर) हे बॅकग्राउंड घ्या म्हणतो, त्यात ॲनिमल हँडलिंग (जनावरं सांभाळणं) अन् सर्व्हायव्हल (रानात निभावणं) येते, वरून जमिनीवरची वाहनं, म्हणजे बंडी हाकणं आलंच.

परसुएशन (बोलून पटवणं) सगळेच घेतात, इनसाइट कोणी घेत नाही. कापूस विकायला गेल्यावर व्यापारी म्हणते ओलावा जास्त आहे, तेव्हा तो खरं सांगून राहिला की भाव पाडून राहिला हे ओळखणं म्हणजे इनसाइट. पार्टीत (सोबत फिरणाऱ्या कॅरेक्टरच्या टोळीत) एकाकडे तरी ती पाहिजेच.

हिशोब सोपा आहे. विस्डम (कॅरेक्टरच्या समजेचा आकडा) 14 असली तर +2, पहिल्या लेव्हलची प्रोफिशियन्सी (स्किल घेतल्याचा बोनस) +2, झाले फाशात मिळवायला +4. मध्यम कामाची डीसी (गाठायचा आकडा) 15, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर 11 किंवा वर पडलं की जमलं, निम्मे चान्स. विस्डम 10 अन् स्किल नाही, तर 30 टक्केच. सोबत्यानं हात लावला तर ॲडव्हांटेज, दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, 50 चे थेट 75 टक्के होतात, म्हणून मदत मागा.

आता खरी गोष्ट. मागच्या पावसाळ्यात ओसरीवर खेळत होतो, लाईन गेलेली, टॉर्चच्या उजेडात. पार्टीची बंडी नाल्याजवळ गाऱ्यात फसली अन् एक बैल बसला. एक जण म्हणे, ॲनिमल हँडलिंग मारतो. मी डीएम (गोष्ट सांगून खेळ चालवणारा) होतो, म्हटलं स्किलचं नाव नको, काय करतो ते सांग. तो घरी रोज ढोरं सोडते, सांगाले लागला, आधी जू उतरवतो, वेसण ढिली करतो, वशिंडावर हात फिरवतो, तोंडापुढे तुरीचं कुटार टाकतो. सगळे गप ऐकत होते. मी 15 ची डीसी 10 केली.

डीएमनं एक करायचं, फासा पडायच्या आधी ठरवायचं की हुकलं तर काय. बैल नाही उठला तर अंधार पडते अन् नाल्याला पूर येते, हे मी आधीच लिहून ठेवलं होतं. हुकल्यावर काहीच बदलत नसेल तर रोल मागूच नका, काम झालं म्हणा अन् पुढं चला.